शेतकऱ्याच्या पडवींतील कामाचें मेज

लावणीच्या ऐन घाईंत फवाऱ्याचा दांडा वांकतो, विळ्याची मूठ निसटते, आणि घटकाभराच्या कामासाठीं शेतकऱ्याचा अर्धा दिवस बाजाराच्या खेपेंत जातो. घरीं हत्यारें नसतात असें नव्हे. वस्तु घट्ट धरून ठेवण्यास जागा नसते. पायाखालीं दाबून लांकूड कापणें किंवा गुडघ्यावर धरून विळा घासणें यांत काम तर बिघडतेंच, पण हातापायास इजा होते ती निराळी. म्हणून ज्यांच्या पडवींत अगर मोटारखान्यांत पांच-सहा फूट जागा असेल, त्यांनीं कामाचें एक मेज अवश्य करावें.

कल्याणच्या पुढें लागणाऱ्या तीन गांवांपैकीं उल्हासनगर फर्निचराच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे, अंबरनाथ कारखान्यांबद्दल. आणि बदलापूरकडील भातशेतकऱ्यास सुतारकाम व लोखंडकाम दोन्ही थोडीं थोडीं करावीं लागतात. येथेंच अडचण आहे. रंधा मारतांना अंगाचा भार वरून पडावा लागतो. म्हणून हात खालीं सोडून उभें राहिलें असतां तळहात टेकेल, एवढीच सुताराच्या मेजाची उंची असते. उलट कानस चालवितांना लोखंडी शेगडा, ज्यास कारखान्यांत वाइस म्हणतात, त्याचा जबडा कोपराशीं यावा लागतो. तेव्हां मेज सुताराच्या मापाचें करावें, आणि शेगडा निराळ्या जाड ठोकळ्यावर बसवून तो ठोकळा काढतां-घालतां येईल असा बोल्टानें आवळावा. ठोकळा मेजाच्या पायाच्या माथ्यावर असावा, म्हणजे घणाचा घाव थेट जमिनींत उतरतो.

आमचें स्वतःचें पहिलें मेज आम्हीं पातळ प्लायवुडाचें, खिळे ठोकून केलें होतें. रंध्याच्या प्रत्येक हातासरशीं तें पुढें सरके, आणि पहिल्याच पावसाळ्यांत त्याचे पदर सुटले. दुसऱ्या खेपेस जुन्या घराचें उतरविलेलें सागवान घेतलें. तें मेज अद्याप हाललें नाहीं.

फळ्या २ इंच जाड, पाय ३ इंच चौरस असावे. पाय व आडवे दांडे कुसूं-खांच करून सांधावे. कोंकणच्या दमट हवेंत फळी रुंदीनें फुगते, लांबीनें जवळजवळ नाहींच. म्हणून ती आवळण्यासाठीं दांड्यांतील भोकें रुंदीच्या दिशेनें लांबट ठेवावीं. ४ सुती बोल्ट वापरून त्यांचीं डोकीं फळींत बुडवावीं, नाहीं तर रंध्याचें पातें जाईल. पायांचीं टोकें वातीप्रमाणें ओल वर ओढतात. त्यांखालीं कडाप्प्याचे तुकडे घालावे.

खालच्या फळीवर दगड किंवा जुनें लोखंड ठेवून मेजास वजन द्यावें. हत्यारें मात्र तेथें ठेवूं नयेत. २६ जुलै २००५ चा पूर येथील लोक विसरलेले नाहींत, आणि २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. हत्यारें भिंतीवर उंच टांगावीं, विजेची जोडणीही उंचच घ्यावी.

उन्हाळ्यांत लांकूड वाळलेलें असतें व हातही मोकळे असतात. तेवढ्यांत मेज उभें झालें, तर पुढच्या लावणींत वांकलेला दांडा घरच्या घरीं सरळ होईल, आणि वाचलेला अर्धा दिवस चिखलांत, आपल्या शेतांत, सत्कारणीं लागेल.