साखळी की गिअर?

फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसतात. त्यामुळे ते उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या जवळ असतो आणि त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. १९३२च्या फोर्ड व्ही-८मध्ये कॅमशाफ्ट फिरवण्याचं काम गिअर करायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ६० अश्वशक्तीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनात मात्र साखळी होती. पुढे नागरी जीपमध्ये गिअर आले.

जुनी जीप पुन्हा चालती करणाऱ्याने इथे फार सांभाळावं. साखळीवर दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरतात, एकमेकांत बसलेल्या दोन गिअरवर उलट दिशेने. म्हणून एका इंजिनाचा कॅमशाफ्ट दुसऱ्यात चालत नाही, आणि त्यावर चालणारा ऑइल पंपही वेगळा लागतो. पार्ट मागवण्याआधी पुढचं झाकण उघडून बघाच.

साखळी झिजून सैल पडते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि गाडीचा दम जातो. आवाज कमी व्हावा म्हणून कॅमचा गिअर बऱ्याचदा फायबरचा असे. त्याचे दात उडाले, की इंजिन जागीच बंद. तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही, कारण व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतच नसतात. या इंजिनांचा हा फार मोठा गुण.