जेम्स वेल्स : उत्तर पेशवाईतील एक उपेक्षित निसर्गचित्रकार

प्रस्तावना :

वर्डस्वर्थ व कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी साहित्याच्या वर्गात स्वच्छंदतावादाचा आरंभ साधारणपणे येथूनच सांगितला जातो. त्या काळातील निसर्गचित्रणाचा विषय निघाला की टर्नर व कॉन्स्टेबल ही दोन नावे येतात. तथापि या दृष्टीची एक धारा त्यापूर्वीच मुंबई, पुणे व वेरूळपर्यंत येऊन पोहोचली होती. नंदुरबार-धुळ्याकडील शैक्षणिक सहलींतील विद्यार्थी आज ज्या वेरूळच्या डोंगरासमोर उभे राहतात, त्याची दृश्ये १७९५ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने रेखाटली. मराठी वाचकाला वेल्स परिचित आहे तो सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे काढणारा म्हणून. त्याचे निसर्गचित्रण मात्र दुसऱ्यांच्या नावाआड झाकले गेले. प्रस्तुत लेखात त्याच बाजूचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

जीवनपट :

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. शिक्षण ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात झाले. चित्रकला त्याने बहुतांशी स्वप्रयत्नानेच आत्मसात केली. लंडनमध्ये काही वर्षे व्यक्तिचित्रकार म्हणून उमेदवारी केल्यानंतर १७९१ मध्ये तो मुंबईस आला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याचा आश्रय लाभल्यामुळे पुढील वर्षी तो पुण्यास गेला व त्याला दरबारी चित्रांची कामे मिळाली. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. पोट व्यक्तिचित्रांवर भरत होते. मन मात्र लेण्यांकडे वळले होते. १७९३ मध्ये थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईस आले असता वेल्सने त्यांना घारापुरी, कार्ले, कान्हेरी ही लेणी दाखविली. १७९५ मध्ये त्याने वेरूळ येथे काम केले. त्याच वर्षी साष्टीतील लेण्यांची रेखाटने सुरू असताना तो तापाने आजारी पडला व नोव्हेंबरमध्ये मरण पावला. भारतात त्याला पुरती पाच वर्षेही मिळाली नाहीत.

चित्रदृष्टी :

तत्कालीन इंग्लंडात विल्यम गिल्पिन याच्या लेखनामुळे 'पिक्चरेस्क' ही कल्पना रूढ झाली होती. निसर्गाकडे चित्र म्हणून पाहावयाचे, आणि खडबडीतपणा, पडझड, वाढलेली झाडी यांत सौंदर्य शोधावयाचे, असा तिचा आशय. लेण्यांमध्ये ही सारी सामग्री आयतीच होती. वेल्सने ती घेतली. परंतु लेण्यांची मापे घेण्याची, खांब मोजण्याची त्याची चिकाटीही तेवढीच होती. भावना आणि मोजपट्टी यांचा हा संयोग त्याच्या कामाचे वैशिष्ट्य होय. मुंबईच्या दृश्यांतही हाच स्वभाव दिसतो. मलबार टेकडी, माझगावचे बेलमाँट, शीवचा किल्ला अशा उंच जागा निवडून त्याने बेटाचा विस्तार दाखविला. ताडामाडांनी भरलेली ती मुंबई आज केवळ या चित्रांतच उरली आहे. भूगोलाच्या प्राध्यापकांनाही ही दृश्ये उपयुक्त ठरावीत.

चित्रांचा प्रवास :

ही कामे छापील स्वरूपात पाहण्यास वेल्स जिवंत नव्हता. मुंबईची बारा दृश्ये लंडन येथे १८०० मध्ये निघाली. वेल्सची कन्या सुझॅना हिचा १७९९ मध्ये मॅलेटशी विवाह झाला होता. मॅलेटकडील वेरूळची रेखाटने थॉमस डॅनियलकडे गेली व १८०३ मध्ये २४ चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. ही चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची होत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी चिकटवून तो आम्लात बुडविला की छाया-प्रकाशाच्या पायऱ्या उमटतात. छापल्यानंतर हाताने रंग भरतात. म्हणजे आकाशाची छटा आणि कड्यावरील सावली, जी आपण रोमँटिक म्हणून वाखाणतो, ती बऱ्याच अंशी लंडनमध्ये ठरली. डॅनियल स्वतः वेरूळला गेलेलाच नव्हता. मूळ रेखाटनकार म्हणून वेल्सचा उल्लेख संचात आहे, तरीही हा संच डॅनियल यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या १४४ चित्रांच्या मालिकेचा भाग म्हणूनच ओळखला गेला. पुणे दरबाराच्या भव्य चित्राचेही तसेच झाले. १७९० च्या तहप्रसंगाचे ते चित्र डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरून रंगविले व १८०५ मध्ये प्रदर्शित केले. गंमत अशी की, मूळ प्रसंगी दोघांपैकी कोणीही दरबारात हजर नव्हता!

गंगाराम तांबट :

जो न्याय वेल्सला मिळाला नाही, तो वेल्सच्या संदर्भात गंगाराम चिंतामण तांबट यालाही मिळालेला नाही. शनिवारवाड्यातील चित्रशाळेचा विद्यार्थी एवढीच त्याची ओळख दिली जाते. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र १७९० चे आहे. वेल्स त्या वेळी भारतात आलाही नव्हता. वेल्स वेरूळला पोहोचण्यापूर्वीच गंगारामने मॅलेटसाठी तेथील लेणी रेखाटली होती. तेव्हा त्याला वेल्सने घडविलेला चित्रकार म्हणणे कालक्रमास धरून नाही. यथार्थदर्शनाचे काही धडे त्याने वेल्सकडून घेतले असतील, हात मात्र आधीच तयार होता. गंगारामची रेखाटने आणि वेल्सची कागदपत्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात एकाच छपराखाली आहेत. डॅनियलच्या छापील संचाशेजारी ती ठेवून वेरूळच्या एकाच लेण्याची तुलना करणे, हे मराठी अभ्यासकाने हाती घ्यावे असे काम आहे.