राळेगावात जमिनीचा सौदा: दलाल उशिरा शिकतो ते

जमिनीच्या दलालीत पहिली वर्षं गिऱ्हाईक शोधण्यात जातात. भाव कसा वाढवायचा, दोघांना एका खाटेवर कसं बसवायचं, हे तेव्हाच जमतं. कोणत्या सौद्यातून उठून जायचं, हे मात्र फार उशिरा कळतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात तर ते कळल्याशिवाय धंदा टिकतच नाही, कारण इथल्या जमिनींचे कागद सरळ नाहीत.

दलालीचं गणित

दलाली साधारण टक्का-दोन टक्के, बरेचदा दोन्ही बाजूंकडून, आणि हातात पडते ती खरेदीच्या दिवशी. सौदा मोडला तर सगळी पायपीट फुकट. त्यामुळे दलालाचा कल खरेदी उरकण्याकडेच असणार, आणि घेणाऱ्याने हे धरूनच त्याचं बोलणं ऐकावं. नागपुरात एखादा सौदा फसला तर माणूस दुसऱ्या भागात जाऊन दुकान मांडतो. इथे घेणारा, विकणारा, पटवारी आणि दलाल आठवडी बाजारात समोरासमोर येतात. ही लाज कायद्यापेक्षा जास्त काम करते, असं माझं मत.

सातबारा खालपर्यंत वाचा

बहुतेक लोक सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघून कागद घडी करतात. खरी गोम भूधारणा पद्धतीच्या रकान्यात आणि ‘इतर अधिकार’मध्ये असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर जमीन सहसा मोकळी. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. ‘इतर अधिकार’मध्ये सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, वारसाचा हक्क, विहिरीतला हिस्सा असं बरंच काही दडलेलं असतं.

यवतमाळात आणखी एक नोंद शोधावी लागते, ती भूदानाची. विनोबांचं पवनार इथून नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात. १९५१ साली त्यांनी सुरू केलेल्या भूदान चळवळीत विदर्भातही पुष्कळ जमीन दान झाली आणि तिच्यासाठी १९५३ चा वेगळा कायदा आहे. अशी जमीन कसण्यासाठी मिळते, विकण्यासाठी नाही. ‘सगळं होऊन जाईल, पटवारी आपला आहे,’ असं कुणी म्हणालं की तिथेच उठावं.

शिवाय शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठी कुळकायदाच वेगळा, १९५८ चा. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांना हे इसार दिल्यावर आठवतं.

आदिवासी जमीन

राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुक्यात गोंड, कोलाम, परधान समाजाची जमीन भरपूर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. ६ जुलै १९७४ पासून हे बंधन कडक झालं. त्याआधीच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ पासूनच्या हस्तांतरांसाठी आदिवासींना जमीन परत देणारा कायदाही १९७४ चाच.

त्यामुळे आजच्या मालकाचं आडनाव बघून भागत नाही. जुने फेरफार एकेक काढून जमीन कुणाच्या हातून कुणाकडे आली, ते बघावं. मधल्या एका पिढीत परवानगीविना व्यवहार झाला असेल, तर आजचा घेणारा कितीही सज्जन असो, जमीन त्याच्या हातून जाऊ शकते. मजुरीच्या करारनाम्याआड किंवा दुसऱ्याच्या नावाने असे सौदे करणारे भेटतात. त्यांच्यासाठी दलाली करू नये. हा कायदा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच गळ्याशी तो सौदा येतो.

बहिणींची नावं

‘सह्या भाऊ करतील, बहिणी काही म्हणत नाहीत.’ हे वाक्य प्रत्येक दलालाने ऐकलेलं असतं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. तिला हवा असेल तर पैशात तिचा वाटा धरून सौदा करावा. सासरी राहणारी बहीण काही म्हणत नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नसतं.

धुरा आणि पांदण

कागदावर दोन हेक्टर आणि वावरात पावणेदोन, हे नेहमीचं. धुरा दर नांगरटीला थोडा सरकतो. मोजणी करून ‘क’ प्रत हातात घेतल्याशिवाय भावाचं बोलू नये. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याकाठी तर दुप्पट सावध राहावं. कालव्यात गेलेली पट्टी कमी-जास्त पत्रकाने सातबाऱ्यावरून वजा झाली आहे का, ते बघावं. नाहीतर सरकारला आधीच दिलेली जमीन पुन्हा विकत घेतली जाते.

रस्त्याचा प्रश्न त्याहून चिवट. ‘पांदणीने जाता येतं’ हे उन्हाळ्यात खरं असतं. जुलैच्या काळ्या चिखलात बैलगाडी घेऊन जाऊन दाखवा म्हणावं. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं आणि नवा रस्ता महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मागता येतो. पण तारखा चालू असताना पेरणी थांबत नाही.

प्लॉटचा नाद

नगरपंचायत झाली, वडकीजवळून नागपूर-हैदराबाद महामार्ग गेला, आणि शेताच्या कडेला चुन्याच्या रेघा दिसू लागल्या. लेआउट बघताना तीन गोष्टी विचाराव्या.

अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा आहे का? तोंडी ‘एनए होतंय’ याला किंमत शून्य.

प्लॉटची स्वतंत्र खरेदी कायद्यात बसते का? तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेने शेतजमिनीसाठी जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे अशी मर्यादा आली. २०२५ साली नागरी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी नियम बरेच सैल झाले, पण ती सवलत आपल्या प्लॉटला लागू आहे का, हे दुय्यम निबंधकांकडे विचारूनच ठरवावं.

महारेराचा नंबर आहे का? ५०० चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एकरभराचा लेआउटही त्यात येतो. अशा प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी हवी, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. शेताचा सौदा करणारा दलाल रेरा कायद्यात येत नाही, ही त्यातली मोठी फट.

कागद ठीक असला तरी माती बघा. कपाशीला सोन्यासारखी असलेली काळी जमीन घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे, हे शेजारच्या विहिरीत डोकावून कळतं. फुकटात.

इसार

सौदाचिठ्ठीवर उरलेली रक्कम कधी द्यायची, ताबा कधी, बोजा कुणी फेडायचा, मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर भाव कसा धरायचा, हे चारही लिहावं. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. तरी थैली घेऊन येणारे येतातच. त्यांना बँकेत न्यावं.

ताब्याची तारीख पीक बघून ठरवावी. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात आला की इथे सौदे जमतात, पण तेव्हा शेतात तूर उभी असते आणि कपाशीचा वेचाही बाकी असतो. मक्त्याने दिलेलं वावर असेल तर पाडव्यापर्यंत ते मक्तेदाराचं. खरेदी झाली की फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नवा सातबारा हातात येईपर्यंत दलालाने फोन उचलत राहावं, दलाली खिशात पडलेली असली तरी.