गिलमन रस्त्यावरची गाण्याची जागा

गावात भजनी मंडळ उभे करायचे म्हटले म्हणजे काय काय लागते? पेटी लागते, टाळ-मृदंग लागतात, गाणारे गळे लागतात. पण सर्वांच्या आधी बसायला जागा लागते. अमेरिकेतल्या काही तरुण पोरांनी अशी जागा कशी मिळवली आणि कशी राखली, ती हकीगत आज सांगायची आहे.

कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे विद्यापीठाचे शहर आहे. तिथल्या पोरांना नाद पंक रॉकचा. हे संगीत १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क व लंडनकडे पुढे आले. गिटार, ढोल, मोठा आवाज. गाणे दोन-तीन मिनिटांचे, चाल साधी, लय धावती. तुम्ही म्हणाल, हा तर नुसता गोंगाट! कानाला तसे वाटेलही. पण त्यात मेख अशी, की वर्षानुवर्षे तालीम केलेली नसली तरी मनात सांगण्यासारखे काही असले म्हणजे कोणीही उभे राहून गावे.

अडचण होती ती जागेची. गाण्याच्या बऱ्याच जागा दारूच्या विक्रीवर चालत, आणि २१ वर्षांखालच्यांना तिथे मज्जाव. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी जावे कुठे?

टिम योहॅनन नावाचा गृहस्थ १९७७ पासून बर्कलीच्या केपीएफए या नभोवाणी केंद्रावर पंक संगीताचा कार्यक्रम करीत असे. हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते, हे ध्यानात ठेवण्याजोगे. १९८२ साली त्या कार्यक्रमाचेच नाव देऊन त्याने 'मॅक्सिमम रॉकनरोल' हे नियतकालिक काढले. पुढे १९८६ मध्ये त्याने व सोबत्यांनी ९२४, गिलमन रस्ता इथली एक वखार भाड्याने घेतली. नगरपालिकेची परवानगी काढली, सुतारकाम-रंगकाम अंगमेहनतीने केले, आणि ३१ डिसेंबर १९८६ च्या रात्री पहिला कार्यक्रम झाला.

नियम भिंतीवर रंगवले: दारू नाही, मादक पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, बायकांचा अवमान नाही. थोडी वर्गणी भरली की सभासद, आणि सभेत सभासदाला मत. दारावर उभे राहणे असो की केर काढणे, सारे स्वयंसेवकांनी करायचे.

हे सोपे मात्र नव्हते. सप्टेंबर १९८८ मध्ये पहिले चालक थकले आणि दार बंद झाले. पण काही आठवड्यांतच दुसऱ्या मंडळींनी ते पुन्हा उघडले.

पुढचा पेच निराळाच. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या वादकांना इथे गाता येणार नाही, असा दंडक होता. 'ग्रीन डे' हा ताफा इथेच वाढलेला. त्याने १९९३ मध्ये असा करार केला. १९९४ ची त्यांची 'डूकी' ही ध्वनिमुद्रिका एकट्या अमेरिकेत एक कोटीवर खपली. पण गिलमनचे व्यासपीठ त्यांना बंद झाले. कोणी म्हणाले, घरच्याच पोरांवर हा अन्याय. कोणी म्हणाले, नावाजलेल्यांसाठी नियम मोडला तर उद्याच्या नवशिक्याला जागा कुठली? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मे २०१५ मध्ये आगीत होरपळलेल्या प्रकाशक-मुद्रकांच्या मदतीसाठी तो ताफा पुन्हा तिथे गायला.

योहॅनन १९९८ साली वारला. जागा त्याच्यामागेही चालत राहिली. गुरुजींनी यातून एवढेच घ्यावे: संध्याकाळी शाळेची एक खोली मुलांच्या हवाली करून पाहावी. नियम त्यांनाच करू द्यावेत, आणि केरसुणीही त्यांच्याच हाती द्यावी.