साठीत पाटी, बेचाळिशीत रंगमंच

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी एक नवी शाळा भरली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीकडे झुकलेल्या. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने सुरू केलेली ही ‘आजीबाईंची शाळा’ पाहायला पुढे परदेशातूनही कॅमेरे आले.

कॅमेऱ्यांना गुलाबी लुगडी आवडली, ते साहजिकच होतं. पण शाळेचं खरं मर्म तिच्या वेळापत्रकात होतं. वर्ग दुपारी दोन ते चार. तोवर घरचं आणि शेतावरचं काम उरकलेलं असतं, संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो. शाळा गावातच, आणि शिकवायला गावातलीच दहावीपर्यंत शिकलेली सून, जिची स्वतःची सासूही वर्गात बसायची. पोथी आपली आपल्याला वाचता यावी ही हौस या बायकांना आधीपासून होती. दुपारचे दोन तास मात्र त्यांना कुणी दिले नव्हते.

उतारवयात आयुष्य बदलणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जातात. जिद्द लागतेच. तरी त्या गोष्टींमध्ये घर कुणी सांभाळलं, पैसा कुठून आला आणि वेळ कसा काढला हा भाग बहुधा गाळलेला असतो. नेमकं तिथेच सगळं अडतं.

पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या. विशीत वैधव्य आलं, पदरात लहान मुलगा, अक्षरओळख नाही. त्यांची बहीण बाया शिकायला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात गेली होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुण्यातल्या त्या घरामुळे पार्वतीबाईंना वाट सापडली. पंचविशी ओलांडल्यावर त्या मुळाक्षरं गिरवायला बसल्या. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागल्या आणि संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी केशवपन सोडून केस वाढवले. त्या काळी विधवा बाईने असं करणं म्हणजे घराघरांत चर्चेला विषयच.

इंग्रजीने मात्र त्यांना फार छळलं. वय वाढल्यावर परकी भाषा चिवट होते, याचा त्यांना पुरता अनुभव आला. मग इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसेही जमवायचे अशा बेताने त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेला गेल्या. तिथे दुसऱ्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा प्रवास लिहून ठेवला आहे. ज्यांच्या बहिणीने आधी दार उघडलं नव्हतं, अशा किती पार्वतीबाई देवरुखातच राहिल्या असतील, याचा हिशेब अर्थातच कुठे नाही.

डॉ. श्रीराम लागूंची गोष्ट वरवर पाहता अगदी वेगळी वाटते. शिकलेले, सुस्थितीतले कान-नाक-घसा तज्ज्ञ. त्यांनी पुण्यात आणि टांझानियातल्या टबोरा इथे शस्त्रक्रिया केल्या. १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते पूर्णवेळ नट झाले आणि दुसऱ्याच वर्षी ‘नटसम्राट’मधले वृद्ध गणपतराव बेलवलकर म्हणून महाराष्ट्रापुढे उभे राहिले. डॉक्टरकीवर पाणी सोडून नाटकात उडी घेतली, असं म्हणायला छान वाटतं. प्रत्यक्षात वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटक करत होते. ज्याला लोक उडी म्हणतात, तिच्यामागे दोन दशकांच्या तालमी होत्या आणि पोट भरणारा एक व्यवसायही होता.

वाढलेल्या वयात मेंदू शिकतो का, याचं एक सुंदर उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिलं आहे. तिथे परवाना हवा असेल तर चेरिंग क्रॉसभोवतालचे सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ लागतात. त्याला तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा उमेदवारांच्या मेंदूंचं शिकण्यापूर्वी आणि नंतर चित्रण केलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जे परीक्षा पास झाले, त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला होता. नापासांमध्ये तसं दिसलं नाही. ही सगळी प्रौढ माणसं होती.

शरीरही उशिरा आलेल्या शहाणपणाची कदर करतं. ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाचा माग १९५१ पासून पन्नास वर्षं काढला गेला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी दहा वर्षांचं आयुष्य परत मिळालं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, साठीत सोडणाऱ्यांना तीन. उशिराची किंमत मोजावी लागते, पण साठीतही हिशेब शून्यावर येत नाही.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हे वाक्य मात्र विसरलेलंच बरं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत कुणाला अठरा दिवस लागले, तर कुणाला अडीचशेच्याही वर लागतील असा अंदाज निघाला. मध्यक ६६ दिवस. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याला हे जमणारच नाही’ म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांना कुणीतरी हा आकडा सांगायला हवा.

व्यवस्थेची दारं काही ठिकाणी उघडी आहेत, काही ठिकाणी नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला वयाची वरची अट नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची वरची वयोमर्यादाही २०२२ मध्ये काढली गेली. केंद्राच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही अक्षरओळख करून घेता येते. उलट राज्यसेवेच्या परीक्षेला खुल्या गटात साधारण अडतिसाव्या वर्षी दार लागतं. लेकरं मोठी झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसू पाहणाऱ्या बाईच्या हाती तोवर जेमतेम मोकळा वेळ येऊ लागलेला असतो.