रोख मोबाईलला, उधारी पेठेला



उसाची बिले बँकेत जमा झाली, की बिलोलीच्या पेठेला ते सांगावे लागत नसे. कापड दुकानांत लग्नाचे बस्ते बांधले जात, भांड्यांच्या दुकानांत गर्दी होई, किराणा दुकानदार उधारीची वही पुढे ओढून बसे. हल्ली मात्र बिलातला बराच पैसा पेठेत पोचायच्या आत मोबाईलमधून परस्पर निघून जातो. पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेली पोरे मोटारसायकलवरून गावोगाव फिरताना आपण पाहतोच. बिलोलीला रेल्वे नाही, स्टेशन म्हटले की धर्माबाद गाठावे लागते. पण चपला, साड्या, मिक्सर आणि फवारणी पंपाची बॅटरी आता दारात येऊन पडते. दुकानदारांचे काय होणार, हा प्रश्न म्हणूनच आपल्या प्रत्येकाच्या घरचा आहे.

हे घडले कसे?

फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ मध्ये बंगळूरला पुस्तके विकण्यासाठी निघाली. न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे पाठवायला आपली माणसे तयार नव्हती. म्हणून २०१० मध्ये तिने ‘माल हातात, मग पैसे’ अशी सोय केली आणि खरी गाडी तिथून सुरू झाली. २०१३ मध्ये अमेरिकेची अ‍ॅमेझॉन आली. २०१६ साल तर उलथापालथीचेच ठरले. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओचे स्वस्त इंटरनेट आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. पुढे २०२० च्या टाळेबंदीत दुकानांची शटरे खाली होती, तेव्हा राहिलेल्यांनीही मोबाईलवर खरेदी शिकून घेतली.

माल स्वस्त का मिळतो, हेही पाहू. ठोक खरेदी आणि मधल्या दलालांची गळती हे एक कारण. दुसरे असे, की गुंतवणूकदारांच्या जोरावर या कंपन्या वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतात. आपला दुकानदार एक हंगामही सोसू शकत नाही. परदेशी भांडवलाच्या कंपनीने फक्त बाजार भरवावा, स्वतःचा माल विकू नये, भाव पाडू नयेत, असा सरकारचा नियम आहे आणि तो फेब्रुवारी २०१९ पासून अधिक कडक झाला. तरीही मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप मिळते, अशी व्यापाऱ्यांची तक्रार राहिली. तिच्यावरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला.

उधारीचा हिशेब

पण बिलोलीच्या दुकानदाराची खरी अडचण भावापेक्षा वेगळी आहे. पेठ माल विकते तशी सवडही विकते. “मालक, बिल आलं की देतो” एवढ्या शब्दावर आपल्याकडे किराणा मिळतो, बियाणे-औषध मिळते, लेकीच्या लग्नाचे कापडही मिळते. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो, घरखर्च मात्र रोजचा. ही दरी आजवर दुकानदाराच्या वहीने बुजवली.

ही सवड फुकट नसते. समजा, मोबाईलवर ७८० रुपयांना असलेली वस्तू दुकानात ९०० ला आहे आणि आपण पैसे सहा महिन्यांनी दिले. १२० रुपये ही त्या सवडीची किंमत झाली. व्याजाच्या भाषेत वर्षाला शेकडा सुमारे ३१ चा दर पडला. हे महागच. पण गोम पुढेच आहे. रोख देणाऱ्यालाही दुकानदार तेच ९०० सांगतो. मग रोखवाला म्हणतो, दुसऱ्याच्या उधारीचे ओझे मी का वाहू? तो मोबाईलकडे वळतो. दुकानात उरतात फक्त उधारीवाले. दुकानदाराला नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर भरता येत नाहीत, तो भाव आणखी चढवतो आणि आणखी गिऱ्हाईक जाते. पेठ वाळते ती अशी, मुळाकडून.

आपणही मनाशी विचारावे. बिल आल्यावर आधी मागची बाकी भरतो, की आधी मोबाईलवर खरेदी करतो आणि दुकानदाराला ‘पुढच्या बिलाला पाहू’ म्हणतो? रोख मोबाईलला आणि उधारी पेठेला, असा व्यवहार कोणतीही पेठ फार वर्षे झेपवू शकणार नाही. आणि पावसाने दडी मारली, घरात आजारपण निघाले, तर मोबाईलवर वही काढता येत नाही. तिथेही हप्ते मिळतात म्हणा. पण एक हप्ता चुकला तर बँकेचा दंड लागतो. ‘यंदा ऊस वाळला’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

दुसरीकडे काय झाले?

शेतकऱ्याने घरबसल्या माल मागवावा आणि गावच्या दुकानदाराने कपाळाला हात लावावा, ही गोष्ट जगात नवी नाही. अमेरिकेत १८९० च्या दशकात सिअर्स कंपनी जाडजूड यादीपुस्तक खेड्यापाड्यांत पाठवी आणि कास्तकार टपालाने माल मागवीत. १९१३ पासून टपालखाते पार्सले पोचवू लागले, तेव्हा हा धंदा आणखी फोफावला. गावोगावच्या दुकानदारांनी खूप विरोध केला. पण तीच सिअर्स २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. इंग्लंडातील १७७८ पासूनचे डेबनहॅम्स २०२१ मध्ये बंद झाले. त्याचे नाव तेवढे एका इंटरनेट कंपनीने विकत घेतले. म्हणजे बडा असल्याने कोणी तरत नाही आणि जुना असल्यानेही तरत नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे न मिळणारे काही ज्याच्याजवळ आहे, तोच उभा राहतो.

आपल्या दुकानदाराजवळ ते आहे. हुमणी लागलेले उसाचे बेट उपटून कृषी सेवा केंद्रात नेऊन दाखवता येते. नोव्हेंबर २०२२ पासून कीटकनाशकांच्या ऑनलाइन विक्रीला परवानगी आहे. मात्र विक्रेत्याकडे परवाना हवा. अनुदानाचे खत तर आजही नोंदणीकृत दुकानातच, मशीनवर अंगठा देऊन घ्यावे लागते. मराठी, तेलुगू, उर्दू, ज्या भाषेत आपण बोलू त्या भाषेत समजावणारा माणूसही या सीमाभागात दुकानातच भेटतो.

करायचे काय?

दुकानदारांनी रोखीचा आणि उधारीचा असे दोन भाव उघड सांगावेत. छापील किमतीच्या पुढे अर्थातच जाता येत नाही. पण रोखवाल्याला सूट देता येते. पक्की पावती द्यावी. बिघडलेला माल बदलून देताना कुरकुर करू नये. मोबाईलवर माल परत घेतात आणि दुकानात ‘एकदा विकलेला माल’ची पाटी, हे आता चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान दुकानदाराला जीएसटी नोंदणीशिवायही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विक्री करता येते. तो मार्गही पाहावा.

सभासदांनी बिल येताच आधी पेठेची बाकी चुकती करावी. खते-औषधांसाठी पीककर्ज वापरावे. वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडते, मग उधारीचा चढा भाव कशाला? मोबाईलवर जरूर घ्यावे, तो गुन्हा नव्हे. पण विक्रेत्याचे नाव आणि परतीची अट वाचून घ्यावी. फसगत झाली तर १९१५ क्रमांकावर तक्रार करावी. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे नांदेडला, दाद मागता येते.

आणि कारखान्यांचेही कर्तव्य आहेच. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास शेकडा १५ व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल थकले की शेतकऱ्याची बाकी थकते आणि मागोमाग दुकानदाराची.

शेवटी, सहकाराचा धागा इथेही आहे. इंग्लंडात रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ मध्ये काढलेले सहकारी दुकान किराण्याचेच होते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घरांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवते आणि आपसांत वाटून घेते. एका गल्लीतल्या वीस घरांनी बिलोलीच्याच दुकानदाराला एकत्र यादी दिली आणि रोख मोजले, तर तोही ठोकाच्या जवळचा भाव देईल. ऊस आपण एकत्र येऊन विकायला शिकलो. खरेदीही तशी करायला हवी.