मुक्तछंदातले आत्मचरित्र

आत्मचरित्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाचशे पानांचा ग्रंथ येतो. जन्म, शाळा, व्हिसा, पहिली नोकरी, घर, मुले, निवृत्ती. इकडे आलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांनी असा ग्रंथ उत्साहाने सुरू केला आणि पहिल्या थंडीच्या वर्णनापाशी सोडून दिला. अशा मंडळींना मी सुचवतो, की गद्य बाजूला ठेवा, मुक्तछंदात लिहून बघा. "अहो, मी कुठला कवी!" हे उत्तर ठरलेले. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पद्यातून आपली हकिकत सांगणे आपल्याला नवे नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, तुकोबांच्या शिष्या) आपले चरित्र अभंगांत सांगितले आहे. लळा लागलेले वासरू, कीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याने केलेला छळ, स्वप्नात तुकोबांनी दिलेला उपदेश, सारे त्यात आहे. घरातली मारहाण इतक्या उघडपणे आज तरी कितीजण लिहितील?

मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी. त्यांचे 'भग्नमूर्ती' १९४० सालचे. वृत्ताची ठरावीक मोजणी सुटली तरी बोलण्याची लय सुटत नाही, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे. पण स्वतःचे आयुष्य या मार्गाने सांगावे तर नारायण सुर्व्यांनी. रस्त्यावर सापडलेले मूल, गिरणी कामगाराने वाढवलेले. पुढे गिरणीत काम, महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले, तेव्हा गिरणगावातले बोलणे जसेच्या तसे कवितेत आले. त्या बोलण्याला शार्दूलविक्रीडिताचा अंगरखा चढवला असता तर ते गुदमरले असते.

आपल्या या दुसऱ्या देशातही ही वाट जुनीच. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' काढले तेव्हा त्यात फक्त बारा कविता होत्या. मग १८९२ साली मरेपर्यंत तो त्याच पुस्तकात भर घालत, फेरफार करत राहिला. आयुष्य वाढेल तसे पुस्तक वाढवायचे, ही सोय मला फार आवडते. कवितांना अनुक्रम लागत नाही. आज निवृत्तीवर लिहावे, उद्या मुंजीवर.

आता मुख्य मुद्दा. वाक्याचे तुकडे करून एकाखाली एक लावले की कविता होत नाही. तसे लिखाण आपल्या दिवाळी अंकांत पुष्कळ येते, ते सोडा. ओळ कुठे तोडायची याला कारण हवे.

माझेच उदाहरण देतो. १९७८च्या फेब्रुवारीत बॉस्टनला ते मोठे हिमवादळ झाले आणि विमानतळ बंद पडला. त्याच आठवड्यात सोलापुरात माझे वडील गेले. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. गद्यात हा प्रसंग तीन पाने झाला. बर्फ किती, फोन कसा लागेना, विमान कंपनी काय म्हणाली. तीनही पाने खरी होती, पण वाचताना ती खुलाशासारखी वाटत. नंतर एवढेच उरले:

रजा मिळाली होती.
तिकीट मिळाले होते.
खिडकीपर्यंत बर्फ.
सोलापुरात तेव्हा
ऊन
भाऊंच्या पायांवर.

शेवटच्या वाक्याला क्रियापद नाही. गद्यात मला ते द्यावे लागले असते. 'ऊन होते' म्हणावे, तर मी पाहिलेले नाही. 'ऊन असेल' म्हणावे, तर तो अंदाज झाला, आणि इतकी वर्षे ते ऊन माझ्या डोळ्यांपुढे आहे ते अंदाजासारखे नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे ते गाळले की वाक्य पडत नाही, नुसते उघडे राहते. दूरदेशी राहणाऱ्याच्या आयुष्यात असे न पाहिलेले प्रसंगच जास्त: लग्ने, बारशी, आजारपणे, घराची वाटणी. त्यांच्यासाठी मला दुसरी रीत सापडलेली नाही. 'ऊन' एकटे ठेवले ते वाचणाऱ्याने तिथे क्षणभर थांबावे म्हणून.

बाकी सूचना किरकोळ आहेत. लिहिलेले मोठ्याने वाचावे. जिथे आपोआप श्वास घेतला जातो तिथे ओळ संपवून पाहावी. 'जीवन', 'व्यथा', 'आठवणींचा हिंदोळा' हे शब्द दिसले की खोडावेत आणि त्या जागी वस्तू ठेवावी: रेशनकार्ड, वातीचा स्टोव्ह, निळे एरोग्राम. एका कवितेत एकच प्रसंग. बायकोच्या किंवा भावाच्या आयुष्यातले काही येत असेल तर आधी त्यांना वाचून दाखवावे. कवितेत कमी शब्द असतात म्हणून गुपित कमी उघडे पडते असे नाही, उलटच. आणि खाली तारीख, गाव जरूर घालावे, कारण पुढच्यांना संदर्भ लागणार.

माझ्या नातीला रविवारच्या मराठी शाळेमुळे अक्षरे लावत लावत वाचता येते. तीन पाने तिने कधी हातात धरली नसती. या सहा ओळी तिने बोट ठेवून वाचल्या आणि विचारले, "आजोबा, भाऊ म्हणजे तुमचे ब्रदर ना?"